'फ्रँकेन्स्टाइन'ची निर्मितिप्रक्रिया : शक्ती, निपुणता आणि अभ्यास

प्रस्तावना

विज्ञान आणि भय यांची सांगड घालणाऱ्या कादंबरीचा विचार करताना मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पाशी यावेच लागते. १ जानेवारी १८१८ रोजी ही कादंबरी लंडन येथे तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या गेल्या होत्या. पुढे १९७३ मध्ये ब्रायन ऑल्डिस यांनी विज्ञानसाहित्याचा इतिहास लिहिताना याच कृतीला आरंभस्थान दिले. या कादंबरीच्या जन्माची कथा मूळ कादंबरीइतकीच लोकप्रिय आहे. वादळी हवा, सरोवराकाठचे घर, भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज आणि अर्धवट झोपेत दिसलेले भीषण दृश्य, असे तिचे स्वरूप आहे. ही कथा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणाची किंमत लेखिकेला मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा निर्देश केला. पण ते तीन वेगळे हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असे त्याने आवर्जून स्पष्ट केले. 'फ्रँकेन्स्टाइन'ची निर्मिती समजून घेण्यास ही मांडणी उपयुक्त ठरते.

शक्ती : १८१६ चा उन्हाळा

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या परिणामी पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी लॉर्ड बायरन यांच्या व्हिला डायोडाटी या निवासस्थानी पावसाने अडकलेली मंडळी जर्मन भूतकथांचे फ्रेंच भाषांतर वाचत होती. त्यातूनच प्रत्येकाने एक भयकथा लिहावी, अशी सूचना बायरन यांनी केली. मेरी तेव्हा १८ वर्षांच्या होत्या.

१८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरी सांगतात की, अनेक दिवस त्यांना काहीच सुचले नाही. मग जीवतत्त्वाविषयीची एक चर्चा कानी पडली आणि त्याच रात्री ते दृश्य दिसले. मात्र बायरन यांचे वैद्य पोलिडोरी यांनी १७ जून १८१६ रोजी आपल्या दैनंदिनीत, स्वतः वगळता सर्वांनी कथा लिहावयास घेतल्याची नोंद केली आहे. या दोन निवेदनांचा मेळ सहज बसत नाही. मेरी यांचे निवेदन घटनेनंतर १५ वर्षांनी लिहिलेले आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. स्वप्नातून साहित्यकृती अवतरते, ही कल्पना स्वच्छंदतावादी काळाला प्रिय होती. कोलरिज यांनीही १८१६ मध्ये 'कुब्ला खान' ही कविता प्रसिद्ध करताना असाच दावा केला होता.

निपुणता : शास्त्र आणि जीवनानुभव

दृश्य एका रात्रीत दिसले असेल. त्यामागील ज्ञान एका रात्रीतले नव्हते. गॅल्व्हानी यांच्या बेडकांवरील प्रयोगांनंतर त्यांचे भाचे अल्डिनी यांनी १८०३ मध्ये लंडन येथे फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर विद्युतप्रयोग करून दाखवले होते. कादंबरी लिहीत असताना मेरी हम्फ्री डेव्ही यांचे रसायनशास्त्रविषयक लेखन वाचत होत्या, हे त्यांच्या दैनंदिनीवरून दिसते.

या वाचनाइतकाच जीवनानुभवही महत्त्वाचा आहे. मेरी यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर १७९७ मध्ये, त्यांची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट यांचे निधन झाले. १८१५ च्या आरंभी मेरी यांची अकाली जन्मलेली मुलगी दगावली. गारठलेले ते बाळ शेकोटीजवळ चोळताच पुन्हा जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद त्यांनी त्याच मार्चमध्ये केली आहे. डायोडाटीपूर्वीच्या या स्वप्नात मृताला जीवन देण्याची कल्पना आहे, पण तिथे भय नाही. आहे ती केवळ माया. कादंबरीने ही कल्पना उलटी केली. व्हिक्टर ज्याला जीवन देतो, त्याने डोळे उघडताच तो त्याच्यापासून पळ काढतो. कादंबरीतील खरे भय या पळण्यात आहे. म्हणूनच येथील भयानक रस अखेरपर्यंत करुणापासून वेगळा करता येत नाही.

अभ्यास : हस्तलिखिताची साक्ष

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात कादंबरीच्या हस्तलिखिताचा मोठा भाग जतन केलेला आहे. चार्ल्स रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये त्याचे संपादन प्रसिद्ध केले. मेरी यांच्या मते लेखनाचा प्रारंभ जीवनिर्मितीच्या रात्रीच्या प्रसंगाने झाला. परंतु १८१८ च्या आवृत्तीत हा प्रसंग पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात येतो. त्याच्याआधी वॉल्टनची पत्रे आणि व्हिक्टरचे बालपण रचले गेले. मध्यभागी त्या जीवाला स्वतःची कहाणी सांगण्याचा अधिकार मिळाला. स्वप्नात केवळ एक भेसूर आकृती होती. तिला वाणी लाभली ती लेखनाच्या परिश्रमातून. भयकथेची कादंबरी होण्याचा क्षण हाच होय.

शास्त्राचा वापरही संयमाने केलेला आहे. जीव नेमका कसा निर्माण झाला, हे व्हिक्टर शेवटपर्यंत सांगत नाही. विजेच्या कडकडाटाने भरलेली प्रयोगशाळा ही प्रामुख्याने १९३१ च्या चित्रपटाची देणगी आहे.

हस्तलिखितात पती पर्सी शेली यांच्या हातच्या दुरुस्त्याही आढळतात. रॉबिन्सन यांच्या मते सुमारे ७२,००० शब्दांच्या या कादंबरीत त्यांचे योगदान ४,००० ते ५,००० शब्दांचे आहे. त्यातून संपादकाचा हात दिसतो, कर्त्याचा नव्हे. तरीही १८१८ मध्ये वॉल्टर स्कॉट यांनी परीक्षण लिहिताना ही कृती पर्सी यांचीच असावी असे गृहीत धरले. एका तरुण मुलीला असे भीषण कसे सुचले, हा प्रश्न मेरी यांना वारंवार विचारला गेला. १८३१ ची प्रस्तावना हे त्याचेच उत्तर आहे. स्वप्नाची कथा वाचकांना पटली. पण तिच्यामुळे लेखिका ही कर्ती न राहता केवळ माध्यम ठरली. निर्मिती शून्यातून होत नसते, असे त्याच प्रस्तावनेत मेरी स्वतः सांगतात, याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, डायोडाटीच्या रात्रीने बीज दिले. शास्त्रवाचनाने आणि शोकाने त्याला भूमी दिली. पुनर्लेखनाने त्याचा वृक्ष केला. यांतील एकही घटक वगळल्यास ही कादंबरी संभवत नाही. मराठीत नारायण धारप यांनी विज्ञानकथा आणि भयकथा दोन्ही लिहिल्या. मात्र आपली समीक्षा हे प्रकार बहुधा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते, आणि लेखकाला 'हे सुचले कसे?' एवढेच विचारून थांबते. 'हे घडवले कसे?' हा प्रश्न विचारल्याखेरीज अशा साहित्याला न्याय मिळणार नाही.