मालक, स्वयंपाकघर आणि संमती : ‘सर’ या चित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना :
मालक आणि त्याच्या घरी स्वयंपाक करणारी स्त्री यांच्या प्रेमात भावनेइतकाच वेतनाचा आणि निवाऱ्याचाही प्रश्न गुंतलेला असतो. रोहेना गेरा दिग्दर्शित ‘सर’ (२०१८) हा चित्रपट या गुंत्याला थेट भिडतो. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात दाखविला गेलेला हा चित्रपट भारतात २०२० मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईतील उंच इमारतीत राहणारा अश्विन (विवेक गोम्बर) आणि त्याच्याकडे काम करणारी तरुण विधवा रत्ना (तिलोत्तमा शोम) ही यातील प्रमुख पात्रे होत. यातील मालक-नोकर संबंधाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
चित्रपटाचे सामर्थ्य त्यातील अवघडलेपणाच्या चित्रणात आहे. एकाच छताखाली राहूनही दोघांच्या जेवणाच्या जागा वेगळ्या आहेत. अश्विन टेबलावर जेवतो, तर रत्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसते. गावी निषिद्ध असलेल्या बांगड्या ती मुंबईच्या वाटेवर हातात चढविते. शहर तिला वैधव्यातून काही अंशी मोकळे करते, पण नोकरपणातून करीत नाही, हे येथे सूचित होते. गणेशोत्सवातील नृत्यानंतर दोघे जवळ येतात, तेव्हाही अश्विनला प्रेम दिसते आणि रत्नाला परिणाम दिसतात. शेजारच्या घरी राबणारी लक्ष्मी (गीतांजली कुलकर्णी) हिच्याशी असलेल्या मैत्रीमुळे रत्नाचे दुःख एकटीचे राहत नाही, त्याला वर्गाचे परिमाण लाभते.

तथापि एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. अश्विन इतका सभ्य रेखाटला आहे की, तो तसा नसता तर रत्नाने काय केले असते, हा प्रश्न उद्‌भवतच नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामगार स्त्रीसाठी मालकाचे घर हेही कामाचे ठिकाण मानले असून तिला जिल्हा पातळीवरील समितीकडे तक्रार करता येते. परंतु ज्याच्या घरात राहायचे त्याच्याचविरुद्ध तक्रार करणे म्हणजे नोकरी व निवारा दोन्ही गमावणे होय. जेथे नकाराची किंमत इतकी मोठी, तेथे होकार कितपत मुक्त मानावा? चित्रपटातही घर सोडावे लागते ते रत्नालाच. पुढे तिला मिळणारे काम अश्विनच्या मैत्रिणीकडचे आहे. म्हणजे तिच्या स्वातंत्र्याची वाटही मालकाच्या ओळखीतूनच जाते.

या संदर्भात गिरणगावाचे स्मरण उद्‌बोधक ठरते. परळ-लालबाग परिसरात गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. सावकाराच्या पाशातून सुटून त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. त्यांचे जीवन सुखाचे नव्हते. १९८२ च्या संपाने त्यांच्या गिऱ्हाइकांचीच कमाई थांबली. तरीही चूल त्यांची स्वतःची होती. जेवणारा गिऱ्हाईक होता, मालक नव्हता. नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाकारले तर एक डबा कमी होई, डोक्यावरचे छप्पर जात नसे. पुढे गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या आणि त्यांतील स्वयंपाकघरांत राबणारी स्त्री बव्हंशी एकेकटी राहिली. रत्नाचा एकाकीपणा या स्थित्यंतराच्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.

समारोप :
अखेरच्या दृश्यात रत्ना दूरध्वनीवर ‘सर’ न म्हणता अश्विनला त्याच्या नावाने हाक मारते. ही हाक प्रेमाचा विजय म्हणून वाचली जाते. परंतु ती उच्चारताना रत्ना त्याची नोकर राहिलेली नाही, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. वेतनाचे नाते संपल्यावरच संबोधनाची समता शक्य झाली, हे सत्य चित्रपट दाखवितो. मात्र त्यावर पुरेसे थांबत नाही. प्रेम पुरेसे आहे का, यापेक्षा नकार परवडतो का, हा प्रश्न अशा नात्यांच्या बाबतीत आधी विचारला पाहिजे.