बटूचे तिसरे पाऊल

बी.ए.च्या वर्गात महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' शिकवीत होतो. वामन आणि बळीराजाचे प्रकरण चालले होते. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. त्याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. तो म्हणाला, "सर, बळीचं राज्य आलं तर आमच्या नावावर जमीन होईल का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, आणि उत्तरही आले नाही. त्या उत्तराच्या शोधात मी ही कथा पुन्हा वाचली. तो शोध आपल्यासमोर मांडतो.

आपण वामनाची कथा ऐकलेली असते, वाचलेली नसते. भागवत पुराणाच्या आठव्या स्कंधात ती विस्ताराने आली आहे. बळीने स्वर्ग जिंकला आणि इंद्र परागंदा झाला. बळीला आता युद्धात हरविता येणार नाही, काळाची वाट पाहा, असा सल्ला बृहस्पतीनेच देवांना दिला. मग देवांची आई अदिती व्रत करते आणि तिच्या पोटी विष्णू बटूच्या रूपाने जन्म घेतो. या अवतारामागे प्रजेचे गाऱ्हाणे नाही. बळीने रयतेला छळले म्हणून देव धावून आला, असे येथे घडत नाही. गेलेले राज्य आपल्या मुलांना परत मिळावे, हे आईचे मागणे आहे. म्हणजे हेतू पराभवाच्या परतफेडीचा आहे आणि पुराणाने तो लपविलेलाही नाही. लपविले आहे ते फक्त शरीर.

चराचराचा स्वामी मुलाच्या देहात का शिरतो, हा या कथेचा खरा प्रश्न आहे. बटूची मुंज होते तो प्रसंग पाहा. सविता त्याला गायत्री शिकवितो, बृहस्पती जानवे देतो, पृथ्वी मृगाजिन देते. आणि भिक्षापात्र कोण देतो? कुबेर! देवांच्या खजिन्याचा मालक भिकेचे भांडे पुरवितो. एवढ्या एका तपशिलात सगळी व्यवस्था उघडी पडते. हे दारिद्र्य खरे नाही. ते श्रीमंतांनी वर्गणी काढून उभे केलेले सोंग आहे. ज्यांनी खरी भाकरी मागितली, त्यांच्या हातात कुबेराने कधी भांडे दिले नाही.

लहान मुलावर संशय घेणाऱ्याचीच मान खाली जाते. बळी यज्ञ करीत आहे, दारी आलेल्याला विन्मुख पाठवीत नाही. समोर इवलासा बटू त्याच्याच पावलांनी तीन पावले जमीन मागतो. बळी म्हणतो, तुझे बोलणे वडीलधाऱ्यांसारखे, पण समज पोराची; मागायचे तर भरपूर माग. बटू त्यालाच संतोषाचे महत्त्व सांगतो. ज्याला तिन्ही लोक घ्यायचे आहेत तो थोडक्यात समाधान मानण्याचे प्रवचन देतो, हा उपरोध कथेने पचवून टाकला आहे. शुक्राचार्य तेवढा ओळखतो आणि सावध करतो. पण लोककथेत शेवटी त्याचाच डोळा फुटतो. खरे ओळखणाऱ्याला आंधळे करणे, ही रीत किती जुनी आहे पाहा!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. शुक्राचार्य हा भृगुकुळातला ब्राह्मण आहे आणि तो बळीच्या बाजूने उभा आहे. तेव्हा ही कथा दोन रंगांत रंगवून मोकळे होता येत नाही.

पराभवानंतरचा भाग तर अधिक बोलका आहे. बळीला वरुणपाशाने बांधतात. मग त्याचे सांत्वन सुरू होते. देव सांगतो, ज्याच्यावर माझी कृपा होते त्याची संपत्ती मी काढून घेतो. म्हणजे लुटीचेच नाव कृपा! बळीला सुतल मिळते, देव स्वतः त्याच्या दारावर पहारा करतो, आणि पुढच्या सावर्णी मन्वंतरात त्याला इंद्रपद मिळेल असे आश्वासन दिले जाते. एका मन्वंतरात 71 चतुर्युगे, म्हणजे 30 कोटी 67 लाख 20 हजार वर्षे असतात. एवढ्या मुदतीचे आश्वासन घेऊन बळीने चिरंजीव होऊन बसावे! सात चिरंजीवांत बळीचे नाव आहे, परशुरामाचेही आहे. हरलेल्याचे अमरत्व जमिनीखाली, आणि एकवीस वेळा सूड घेऊनही ज्याची तहान भागली नाही त्याचे अमरत्व जमिनीवर. अमरत्वातसुद्धा वर आणि खाली आहेच.

जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी'त धोंडिबाशी संवाद करीत या कथेची झडती घेतली. एका पावलाखाली सगळी पृथ्वी आली, तर त्या पावलाखालच्या गावांचे काय झाले? असल्या प्रचंड देहाचे प्रेत पुढे गेले कोठे? हे प्रश्न बांधावरच्या माणसाचे आहेत, म्हणूनच ते बिनतोड आहेत. परशुराम चिरंजीव आहे ना, मग सहा महिन्यांत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीस त्यांनी काढली. अमर सूडकऱ्याला तारीख देऊन बोलावणे, ही मराठी गद्यातली मोठी घटना मी मानतो. महार-मांग हे परशुरामाशी निकराने लढलेल्यांचे वंशज, असे सांगून त्यांनी आपल्या हीनपणाच्या जागी पराक्रम ठेवला.

पण आपण जोतीरावांचे वारसदार असू, तर त्यांचीही झडती घेतली पाहिजे. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत, बळी नाही. शतपथ ब्राह्मणात वामन विष्णू आहे, देव आणि असुर जमिनीची वाटणी करीत आहेत. तेथेही बळी नाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, म्हणजे इसवी सन 578 पर्यंत, त्रिविक्रम दगडात उभा राहिलेला दिसतो. थर चढत गेले आणि कथा घडत गेली. बळी नावाचा राजा अमुक साली येथे राज्य करीत होता, असे यातून सिद्ध होत नाही. जोतीरावांचे वाचन इतिहास म्हणून टिकणार नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत म्हणून मात्र ते आजही ताजे आहे. आपल्या कवितांनी नेमके उलटे केले. पद्धत सोडली आणि राजा घेतला. आज कुठल्याही कविसंमेलनात बळी उठतो, पाताळ फोडतो, वामनाचा सूड घेतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. सूड घेणारा बदलला, सिंहासन तेच राहिले.

माझी आजी पाडव्याला गावातल्या मोठ्या वाड्यापुढे टोपली घेऊन उभी राही. शिळे फराळाचे टोपलीत पडले की इडापिडा टळून बळीचे राज्य यावे, असा आशीर्वाद ती त्या घराला देई. ज्यांना ती तो आशीर्वाद देत होती त्यांचे राज्य आलेलेच होते. तिला बळीच्या राज्यातही अंगणाबाहेरचीच जागा होती. बळी उदार होता हे खरे. पण उदारपणा राजाचा गुण आहे, रयतेचा हक्क नव्हे. जो दान देतो त्याला फसविता येते, आणि दान घेणाऱ्याला पुन्हा रिकाम्या हाताने घालविता येते. वामन जिंकला तो दानाच्या नीतीमुळेच.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पायऱ्या उतरले. तेथे कोणी भिक्षापात्र धरले नव्हते. कोणी बटू झाला नव्हता. मोठी माणसे आपल्या पुऱ्या उंचीने गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. या प्रदेशातल्या पावलांच्या इतिहासात ती पावले मला त्रिविक्रमाच्या पावलांपेक्षा मोठी वाटतात, कारण त्यांच्याखाली कोणाचे डोके नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हणालो, बळी आला म्हणून जमीन नावावर होणार नाही. राजा चांगला असला तरी सातबारा त्याच्याच हातात राहतो. तू तुझ्या पुऱ्या उंचीने तलाठ्यापुढे उभा राहा, कायदा वाच, आणि तीन पावले मागू नकोस. मोजून काय निघते ते विचार. तो म्हणाला, "सर, मग परीक्षेत काय लिहू?" मी म्हणालो, हेच लिही.