'हॉर्टस मलाबारिकस' : साक्षीदारांचा ग्रंथ

एखाद्या प्रदेशातील झाडाझुडपांची मोजदाद करणाऱ्या ग्रंथास वाङ्मयीन टीकेच्या कक्षेत आणावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. असे ग्रंथ संदर्भापुरते चाळावयाचे असतात, वाचावयाचे नसतात, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी 'फ्लोरा' पाहिले तर ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. हूकरचा 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत निघाला. त्याच्या शास्त्रीय योग्यतेविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. पण त्या खंडांत आपल्याला भेटतात ते नमुने गोळा करणारे साहेब आणि ते नमुने जपणारी संग्रहालये. या झाडाला गावात काय म्हणतात, हे ज्याने सांगितले तो माणूस तेथे भेटत नाही.

म्हणूनच त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या 'हॉर्टस मलाबारिकस'कडे वळले की वाचक चकित होतो. 'मलबारची बाग' असे नाव मिरवणारा हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ७४२ वनस्पतींचे वर्णन असून प्रत्येकीबरोबर ताम्रपटावरून छापलेली मोठी चित्रे आहेत. ग्रंथावर नाव आहे हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे याचे. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीचा तो नोकर. १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतली त्या मोहिमेत होता, आणि १६७० ते १६७७ पर्यंत मलबारचा कमांडर होता. म्हणजे मुलूख परका, भाषा परकी आणि डोक्यावर दप्तराचा भार! आपल्यापैकी अनेकांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

ग्रंथाचा हेतूही निव्वळ ज्ञानलालसेचा नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कंपनीचे दवाखाने युरोपातून औषधे मागवीत. त्यांतील काही मूळ पूर्वेचीच. ती तिकडे जाऊन, जुनी होऊन आणि महाग होऊन परत येत. ती इथेच मिळवावीत, हा एक व्यवहारी विचार. दुसरा विचार दरबारी होता. रेडेचे एके काळचे वरिष्ठ व्हान खून्स यांचा सगळा ओढा सिलोनकडे होता, कोलंबोचे महत्त्व वाढावे ही त्यांची इच्छा. मलबार हा मुलूख तितकाच संपन्न आहे हे रेडेला दाखवून द्यावयाचे होते. तेव्हा या बारा खंडांस वरिष्ठांशी झालेल्या मतभेदातील एक भले मोठे टिपण म्हटले तरी चालेल. सरकारी वादातून इतके सुंदर टिपण क्वचितच निपजले असेल.

परंतु हेतू कोणताही असो, काम कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. रेडे स्वतः प्रस्तावनेत सांगतो की माणसांच्या टोळ्या रानात पाठविल्या जात. झाडावर चढून पाने, फुले, फळे उतरविली जात आणि चित्रकार ती ताजी असतानाच रेखाटीत. वर्णनाचा क्रमही ठरलेला आहे : झाड कोठे वाढते, उंची, मूळ, साल, पान, फूल, फळ, वास, चव, बहराचा काळ, आणि शेवटी उपयोग. वास आणि चव हे दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. वाळलेल्या नमुन्यावरून लिहिणाऱ्याला ते लिहिता येत नाहीत.

पहिल्या खंडाचा आरंभ माडापासून होतो. युरोपीय विद्वानाने तो कदाचित आपल्या परिचयाच्या एखाद्या कुलापासून केला असता. मलबारच्या माणसाला विचारले तर तो माडापासूनच सुरू करील. फणसाचे मलयाळी नाव चक्का. ते डच वळणाच्या रोमन अक्षरांत 'त्स्याका' असे उतरले. उच्चार थोडा वाकडा झाला आहे खरा, पण झाडाचे नाव झाडाच्याच गावचे राहिले. इतकेच नव्हे, तर चित्रांवर हे नाव रोमनबरोबर मलयाळी, अरबी आणि नागरी लिपीतही कोरलेले आढळते.

ही नागरी लिपी तेथे कशी आली? ग्रंथाचा खरा गाभा या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पहिल्या खंडाच्या आरंभी काही दाखले छापलेले आहेत, १६७५ च्या एप्रिलमधील. त्यांतील एक इट्टी अच्युतन या वैद्याचा. हा चेर्तलाजवळील कडक्करप्पळ्ळीचा, कोल्लाट घराण्यातला, जातीने ईळव. म्हणजे त्या काळच्या मलबारात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत अशांपैकी. त्याचा मजकूर कोलेळुत्तु या जुन्या मलयाळी लिपीत आहे. दुसरा दाखला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा वैद्यांचा. हे कोचीतील गौड सारस्वत, पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या समाजापैकी. त्यांचा दाखला कोकणीत आणि नागरी अक्षरांत आहे. लिपी पाहून त्याला मराठी म्हणण्याचा मोह आपल्या लोकांना होतो, तो आवरावा हे बरे. कोकणीचा मान कोकणीलाच असू द्यावा; आपल्याला आनंद वाटायला आपली अक्षरे १६७८ साली अॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात उमटली एवढे पुरे आहे. कंपनीचा दुभाषी इमॅन्युएल कार्नेरो याचाही दाखला आहे.

दाखले देण्याची पद्धत कचेरीतली. साक्षीदाराने काय पाहिले, कोणत्या आधारावर सांगितले, कोणाच्या हुकमावरून सांगितले, हे लिहून खाली सही. रेडेने आपल्या दप्तरातील ही सवय विद्येच्या प्रांतात नेली, आणि माझ्या मते ग्रंथाचे मोठेपण या कोरड्या सवयीत आहे. आधाराचे दोन प्रकारही येथे शेजारी बसलेले दिसतात. सारस्वत वैद्यांचा आधार संस्कृत निघंटूचा; अच्युतनचा आधार घराण्यात चालत आलेल्या विद्येचा आणि हाताखालून गेलेल्या पाल्याचा. पंडित जुनी वचने काढून, पण सौजन्याने, वाद करीत याचे रेडेने कौतुकाने वर्णन केले आहे. त्या काळी एका अंगणात ज्यांना बसता आले नसते त्यांच्या सह्या एका ग्रंथात लागल्या. हे काम परक्या सत्तेने करावे लागले, ही गोष्ट आपण विसरू नये. तिच्यावरून त्या सत्तेचे पोवाडे गाण्याचेही कारण नाही.

अलीकडे या ग्रंथाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला तो एका डच माणसाचा अजस्र उद्योग वाटतो. दुसऱ्याला तो अच्युतनच्या विद्येची उचलेगिरी वाटतो. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ च्या आपल्या ग्रंथात ईळव वैद्यांच्या वर्गीकरणाचा ठसा या कामावर फार खोल असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. पण चोर साक्षीदाराची सही छापीत नाही. दोष काढावयाचा तर तो दुसरीकडे आहे. अच्युतन मलयाळीत सांगणार, कार्नेरो ते पोर्तुगीजमध्ये उतरविणार, आणि कासेआरियससारखा धर्मोपदेशक ते लॅटिनमध्ये घालणार. या तीन पायऱ्या उतरताना वनस्पतीचे रूप फारसे बिघडले नाही, कारण शेजारी चित्र होते. औषधाचे मात्र पाणी झाले. 'तापावर', 'पोटदुखीवर', 'सूज उतरावी म्हणून' अशा धर्तीच्या ओळीच फार. कोणता ताप, कोणत्या प्रकृतीच्या रोग्याला, किती मात्रा, कशाबरोबर, हे वैद्याच्या विद्येचे मर्मच गळून गेले. शिवाय दाखले आरंभी आहेत, पण पानोपानी कोणते विधान कोणाचे, हे कळत नाही. सर्व आवाज एका लॅटिनमध्ये विरघळतात. वर लायडनचे प्राध्यापक सायन आणि पुढे यान कोमेलिन यांच्या टीपा. या दोघांनी मलबार डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि ते टीपांत जाणवते.

नावांच्या बाबतीत मात्र ग्रंथ अजून जिवंत आहे. आठव्या खंडात 'शांगा कुस्पी' नावाची एक वेल आहे. चित्र पाहताच मराठी वाचक म्हणेल, ही तर आपली गोकर्ण! ते नाव म्हणजे केरळातील शंखपुष्पम्. उत्तरेकडील वैद्य शंखपुष्पी म्हणून देतात ती वनस्पती निराळीच, जमिनीसरशी पसरणारी. संस्कृत नाव एक, वनस्पती दोन. निघंटूच्या आधाराने एवढेच लिहून ठेवले असते की 'मलबारात शंखपुष्पी होते', तर पुढच्या पिढ्या कायमच्या फसल्या असत्या. नाव, चित्र आणि ठिकाण एकत्र बांधले म्हणून घोटाळा ओळखता येतो. प्रदेशाची नोंद करू पाहणाऱ्या कोणाही माणसाने हे एक पान तरी नजरेखालून घालावे.

लिनीअसने हे मोल ओळखले होते. १७५३ च्या 'स्पेसीज प्लांटारुम'मध्ये तो रेडेचे खंड, पृष्ठ आणि चित्र यांचा पदोपदी हवाला देतो. रेडेचे वाळविलेले नमुने मागे राहिले नाहीत असे अभ्यासक मानतात. त्यामुळे अनेक नावांच्या बाबतीत ही चित्रे हाच मूळ पुरावा ठरली आहेत. वेलदोड्याच्या प्रजातीचे 'एलेटारिया' हे शास्त्रीय नाव 'एलेत्तरी' या मलयाळी शब्दावरूनच आले. हवाल्यात रेडे आहे. अच्युतन त्या आकड्यांच्या मागे राहिला.

त्याला पुढे आणण्याचे श्रेय मुख्यतः कालिकत विद्यापीठाचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांना द्यावे लागेल. त्यांनी आयुष्याची अनेक दशके या एका ग्रंथावर घालविली. त्यातील बहुतेक वनस्पती केरळात हिंडून पुन्हा गोळा केल्या, ओळख पटविली, आणि केरळ विद्यापीठातर्फे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये व मलयाळी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या भाषेतून हा ग्रंथ निघाला त्या भाषेत तो यायला तीनशे तीस वर्षे लागली. मणिलाल २०२५ च्या पहिल्या दिवशी निवर्तले.

रेडे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेच्या वाटेवर जहाजावरच वारला. अखेरचा खंड त्याने पाहिला नाही. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची घुमटाची कबर आहे, कामानिमित्त तिकडे असणाऱ्या वाचकांनी पाहावी अशी. लिनीअसने त्याच्या नावाने 'ऱ्हीडिया' ही प्रजाती स्थापिली, पण ती वेस्ट इंडीजमधील झाडाची. पुढे ती गार्सिनियात, म्हणजे आपल्या कोकमाच्या प्रजातीत, विलीन झाली. अच्युतनच्या नावाची 'अचुडेमिया' ब्लूमे या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काढली, तीही जावा बेटावरील वनस्पतीवरून. ती बराच काळ दुसऱ्या एका प्रजातीत मिसळलेली होती. अलीकडच्या वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती पुन्हा वेगळी काढली आहे.