घन, वीट आणि नांगर

भौमितिक आकार आणि औद्योगिक साहित्य यांतून घडलेल्या मिनिमलिस्ट शिल्पाला 'शुद्ध आकार' म्हणून मर्ढेकरांच्या लयतत्त्वाशी जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तिन्ही नियम कलाकृतीच्या घटकांमधील परस्परसंबंध गृहीत धरतात. आणि नेमकी हीच घटकांना तोलणारी रचना डोनाल्ड जडने नाकारली. कार्ल आंद्रेच्या 'इक्विव्हॅलंट ८' (१९६६) या शिल्पात १२० अग्निरोधक विटा दोन थरांत, कोणत्याही सांधणीविना मांडल्या आहेत. एकही वीट दुसरीहून प्रधान नाही. तोलावे असे काही उरतच नाही. रॉबर्ट मॉरिसच्या विवेचनानुसार हे संबंध कलाकृतीबाहेर जाऊन अवकाश, प्रकाश आणि प्रेक्षकाचे दृष्टिक्षेत्र यांवर अवलंबून राहतात.

अशा शिल्पाचा विचार आकाराबरोबरच निर्मितीच्या पद्धतीनेही करावा लागतो. त्या दृष्टीने औंध संस्थानाचे उदाहरण उद्बोधक आहे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९३८ साली कलासंग्रहालय उभारले. त्यांच्याच आश्रयाने १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले, पण अंशतः रंगांधळेपणामुळे ती सोडून यांत्रिक रेखनाकडे वळले. त्यांच्या कारखान्यातील लोखंडी नांगरामागे रेखन एकाचे आणि ओतकाम दुसऱ्याचे, अशी श्रमविभागणी होती. जडनेही १९६४ पासून आपली शिल्पे पत्राकामाच्या कारखान्यातून करवून घेतली. दोन्हीकडे कर्त्याचा हात वस्तूपासून दूर झाला.

साम्य येथेच संपते. नांगराचा माती उलथणारा वळणदार भाग कसा असावा, हे अखेर जमीन ठरवते. तो फसला तर शेतकरी तो नाकारतो. जडच्या पेटीला असा बाहेरचा परीक्षक नाही. उपयोग वजा झाल्यामुळेच प्रेक्षकाला तिच्या भोवतीच्या जागेचे आणि स्वतःच्या तेथील उपस्थितीचे भान येते, हे तिचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. मात्र पत्रा कापून जोडणाऱ्याचे श्रम त्याच वेळी कलावंताच्या एकट्या नावाखाली झाकले जातात, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. लयतत्त्वाला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण ते संवेदनांच्या संबंधांपाशी थांबते. औद्योगिक साहित्यातील शिल्पाची मराठी समीक्षा करावयाची तर जागा आणि श्रम या दोन संकल्पनांना सौंदर्यविचारात स्थान द्यावे लागेल.