विद्यापीठीय युवक महोत्सवातील लोकनृत्य आणि वेशभूषा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वेशभूषा ही आहार्य अभिनयात मोडते. म्हणजेच ती केवळ सजावट नसून अभिनयाचेच एक अंग आहे. आपल्या विद्यापीठीय युवक महोत्सवांतील लोकनृत्य व आदिवासी नृत्य स्पर्धांमध्ये या तत्त्वाचा कितपत विचार होतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेश आणि हालचाल :
कोणत्याही नृत्यपरंपरेत वेश हा हालचालीशी बांधलेला असतो. भरतनाट्यमच्या पोशाखातील चुण्यांचा पंखा अर्धमंडलात उलगडतो. कथकचा घेर चक्करांमध्ये फुलतो. नऊवारीचा कासोटा पाय मोकळे ठेवतो, म्हणूनच लावणीतील पदन्यास प्रेक्षकांना स्पष्ट दिसतो. कोळी स्त्रियांचे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे पाण्या-चिखलातील कामातून आले आहे आणि कोळीनृत्यातील चालही त्याच नेसण्यातून घडली आहे.

महोत्सवाच्या रंगमंचावर मात्र हे नाते तुटलेले आढळते. महिनाभराचा सराव सलवार-कमीज वा ट्रॅकसूटमध्ये होतो आणि ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला वेश स्पर्धेच्या दिवशी प्रथमच अंगावर चढतो. परिणामी विद्यार्थिनीचे अर्धे लक्ष तालाकडे, तर अर्धे सुटणाऱ्या पिनांकडे असते. चकचकीत सॅटिन प्रकाशझोतात इतके उजळते की मुद्राभिनय झाकोळून जातो.

यावर शिवलेल्या नऊवारीला दोष देण्याची प्रथा आहे. ती योग्य वाटत नाही. भरतनाट्यमचा आजचा शिवलेला पोशाखही विसाव्या शतकातच रूढ झाला. नऊवारी शिवलेली आहे की नेसलेली, हा मुख्य प्रश्न नाही. त्या वेशात बैठक, गिरकी आणि उडी नीट घेता येते काय, हा प्रश्न आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न :
आदिवासी नृत्यांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर होतो. पाने, पिसे, काळा रंग फासलेले अंग आणि कपड्यांवर छापलेली वारली चित्रे, एवढ्यावर ‘आदिवासी’ वेश तयार होतो. वस्तुतः वारली चित्रे ही परंपरेने तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर काढली जात. ती अंगावरच्या वस्त्राची नक्षी नव्हे. तारपा नृत्यात नर्तक एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. अशा वेळी कमरेला लोंबणाऱ्या झालरी ही साखळीच विस्कळीत करतात. म्हणजे येथे समाजाचे चुकीचे दर्शन घडते आणि नृत्यही बिघडते. त्याच सभागृहात त्या समाजातील विद्यार्थी बसलेला असतो, याचे भान आयोजकांनी व परीक्षकांनी ठेवले पाहिजे. आपल्या आजीचे लुगडे त्याला रंगमंचावर ओळखता येऊ नये, ही विद्यापीठासाठी भूषणावह गोष्ट नाही.

उपाययोजना :
आंतरविद्यापीठीय स्पर्धांच्या परीक्षणात ताल, रचना व भावदर्शन यांबरोबर वेशभूषा व रंगभूषा यांचाही विचार होतो. संघाकडून नृत्याचा विषय व गीताचा अर्थ सांगणारे टिपणही घेतले जाते. त्याच टिपणात वेशामागील कारणे देणे बंधनकारक केल्यास विद्यार्थ्यांना त्या समाजातील जाणत्यांकडे जावेच लागेल. किमान शेवटचा आठवडाभर सराव पूर्ण वेशात व्हावा. नऊवारी नेसणे व फेटा बांधणे विद्यार्थ्यांनी स्वतः शिकावे. त्यामुळे भाड्याचा खर्च कमी होईल आणि ज्ञान महाविद्यालयातच राहील. परीक्षकांनीही झगमगाटाला नव्हे, तर औचित्याला गुण द्यावेत.

निष्कर्ष :
विद्यापीठीय नृत्यात वेशभूषेचा निकष भपका नसून हालचालीशी असलेली सुसंगती आणि संबंधित समाजाविषयीचा आदर हा असावा. युवक महोत्सव हा स्पर्धेइतकाच शिक्षणाचाही भाग आहे. चषक एका संघाला मिळतो; नेसायला शिकलेले लुगडे मात्र प्रत्येक विद्यार्थिनीजवळ राहते.