गच्चीचं कुलूप, चाळीचं वय

‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मी चामटोलीत सातव्या मजल्यावर वाचली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी कचऱ्याच्या पिशवीचा फोटो फिरत होता. त्यामुळे ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ला जरा जास्तच हसलो. मागणी एवढीशी, गच्ची उघडा. भाषा मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची. आमचे सेक्रेटरीही ओल्या-सुक्या डब्यांवर याच आवाजात लिहितात. पण पुलंच्या भाडेकरूंसमोर निदान घरमालक होता. इथे मालक आम्हीच, म्हणून भांडण थेट शेजाऱ्याच्या दाराशी जातं.

माझी खरी तक्रार शेवटच्या ‘एक चिंतन’बद्दल आहे. तिथे चाळ म्हातारी होते आणि वाचणारा हळवा. गिरगाव-लालबागच्या चाळी काही नुसत्या वयानं खचल्या नाहीत. १९४७च्या कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण तेवढ्या भाड्यात डागडुजी कोण करणार? पुढे पुनर्विकास आला, आणि कितीतरी बिऱ्हाडं बदलापूरच्या गाडीत बसली. त्यात आमचंही.

हा हिशेब विनोदी पुस्तकाकडे मागणं अन्यायाचं आहे, कबूल. १९५८ साली तो पुरता मांडलाही गेला नव्हता. पण ग्रुपवर भांडण पेटलं की कुणीतरी ‘चाळीत कशी माया होती’ म्हणत याच पुस्तकाचा दाखला देतं आणि पिशवीचा प्रश्न तिथेच राहतो. आमच्या आजोबांना विचारा. त्यांना माया नाही, संडासासमोरची रांग आठवते.