भिंतीला इजा करू नये

लंडनच्या मेडा वेल भागात रँडॉल्फ क्रेसेंट नावाचा रस्ता आहे. तिथल्या एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या ११ आणि १३ क्रमांकांच्या दोन घरांत मिळून नऊ सदनिका आहेत, आणि त्या सदनिकांच्या भाडेपट्ट्यात एक कलम आहे. पट्टेदाराने छताला, भिंतीला वा तक्तपोशीला कापू नये, पांगळे करू नये, इजा करू नये आणि दुसऱ्या कुणाला तसे करूही देऊ नये, असा त्याचा आशय. कायद्याच्या कागदात रस शोधण्याची सवय आपल्याला नसते. सहीपुरता तो उघडायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा. तरीही या एका वाक्यापाशी आपण थोडे रेंगाळावे, असे मला मनापासून वाटते.

आधी त्यातली तीन क्रियापदे पाहा. पहिले कापण्याचे, ते गवंड्या-सुताराच्या कामातले. तिसरे इजेचे, ते कोणत्याही मालमत्तेला लागू पडेल असे. मधले ‘मेम’, म्हणजे पांगळे करणे, मात्र जिवंत देहाचे आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात माणसाचा अवयव निकामी करणे या अर्थाने तो शब्द येतो, आणि तो भिंतीला लावताच चुन्याविटांच्या त्या निर्जीव रचनेत एकदम धमनी स्पंदू लागते. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. घराच्या पायाखाली वास्तुपुरुष पहुडलेला असतो, असे मानणारी आपण माणसे. भिंत खचली, घर बसले, असे आपण सहज बोलतो. मेडा वेलमधला कुणी अनाम कायदेपंडित पट्ट्याचा मसुदा लिहिताना त्याच जाणिवेपर्यंत कसा पोहोचला असेल, याचे नवल करत राहावे.

याच कलमाच्या आरंभी आणखी एक शब्द आहे, ‘वेस्ट’, म्हणजे वास्तूची नासधूस. हा शब्द फार दुरून चालत आलेला आहे. तिसऱ्या हेन्री राजाच्या काळात, १२६७ साली, मार्लबरो इथे एक कायदा झाला. मुदतीने जमीन-घर धरणाऱ्याने घरांची, रानांची नासधूस करू नये. करायचीच असेल, तर तशी खास परवानगी करारात लिहून घेतलेली असावी, असे त्या कायद्याने सांगितले. त्यातली ही तरतूद इंग्लंडच्या कायद्यात आजही जिवंत आहे. हॅरो किंवा वेम्बलीतले एखादे मराठी जोडपे स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत काढण्यासाठी मॅनेजिंग एजंटला पत्र लिहिते, तेव्हा त्या साध्या पत्रामागे साडेसातशे वर्षांची लेखी अनुमतीची परंपरा उभी असते.

पण स्वतःच्या घरात कुणाची अनुमती, हा आपल्या मनातला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर लीजहोल्ड या कल्पनेत आहे. इथे आपण खोल्यांबरोबर काळ विकत घेतो. ९९ वर्षे, १२५ वर्षे, कधी ९९९ वर्षे. जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाचीच राहते, आणि बहुतेक ठिकाणी छत व भार पेलणाऱ्या भिंतीही त्याच्याच. आतला गिलावा आपला, त्यामागची वीट त्याची, अशी सूक्ष्म वाटणी कित्येक पट्ट्यांत असते. खिळा कुठपर्यंत आपल्या घरात आहे आणि कुठून पुढे दुसऱ्याच्या, हे सांगणारा दस्तऐवज आपण इतक्या निष्काळजीपणे कपाटात ठेवतो!

आता परवानगीच्या कलमांमधला सर्वांत लोभस तुकडा. पुष्कळ पट्ट्यांत ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय फेरफार करू नये’ एवढेच असते. १९२७च्या जमीनमालक व भाडेकरू कायद्याने अशा कलमाला एक अदृश्य शेपूट जोडून दिले: फेरफार सुधारणेचा असेल, तर संमती अवाजवी रीतीने नाकारली जाऊ नये. आणि सुधारणा ठरवायची कुणाच्या नजरेने? न्यायालये सांगत आली आहेत की पट्टेदाराच्या नजरेने. ज्याला त्या घरात चहा करायचा आहे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, त्याचे डोळे इथे प्रमाण. मालकाच्याही हाती कायद्याने तीन गोष्टी ठेवल्या: झालेल्या हानीची वाजवी भरपाई, वकील-सर्व्हेअरचा रास्त खर्च, आणि काही प्रसंगी मुदत संपताना घर पूर्ववत करून देण्याचे वचन. ‘वाजवी’ या एका शब्दाच्या तराजूत दोन्ही पारडी अशी अलगद तोललेली पाहून मन निवते.

या संमतीचा जो कागद होतो, त्याला तिथे ‘लायसन्स टू ऑल्टर’ म्हणतात. त्याला जोडलेले नकाशे पाहावेत. पाडायची भिंत तुटक रेषांनी, तिच्या जागी येणारी पोलादी तुळई ठळक रेषेने, सोबत इंजिनिअरची आकडेमोड, आणि काम कोणत्या वेळात चालेल त्याची नोंद. लाकडी जमीन करायची असेल, तर तिच्याखाली आवाज शोषणारा थरही त्यात येतो, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून सर्वत्र गालिचा असावा, अशी अट अनेक पट्ट्यांत असते. भिंतीलाही कान असतात, असे आपण म्हणतो. इथे तक्तपोशीला कान आहेत आणि ते खालच्या मजल्यावर झोपू पाहणाऱ्या माणसाचे आहेत.

इथे आपण रँडॉल्फ क्रेसेंटला परत येऊ. तिथे एका पट्टेदाराला तळमजल्याखालच्या पातळीवरच्या भार पेलणाऱ्या भिंतीचा मोठा भाग काढायचा होता. त्या वास्तूची मालक असलेली कंपनी खुद्द सदनिकाधारकांचीच, आणि ती परवानगी द्यायला तयार होती. पण ते कलम निरपवाद होते. ‘संमतीशिवाय’ हा शब्दच त्यात नव्हता. शिवाय प्रत्येक पट्टेदाराला मालकाने वचन दिले होते, की तुम्ही मागणी केलीत तर इतरांकडूनही हे कलम पाळून घेऊ. ६ मे २०२० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: ते वचन निष्फळ ठरेल अशी परवानगी मालकाला देता येत नाही. भिंत एका घरात होती, शब्द मात्र सगळ्या शेजाऱ्यांना दिलेला होता. कापू नये, पांगळे करू नये, या ओळीचा सारा अर्थ मला तिथे उलगडला. वरकरणी ती मालकाच्या मालमत्तेची राखण करते. खोलवर ती एका छताखालच्या सर्वांनी एकमेकांना दिलेली हमी आहे.

इंग्लंडमध्ये अशा पट्ट्यावर घर घेतलेल्या वाचकाला म्हणून एवढेच विनवतो: हातोडा उचलण्यापूर्वी आपला पट्टा एकदा सावकाश वाचा, कलम निरपवाद आहे की संमतीचे, ते सॉलिसिटरकडून समजून घ्या, आणि लेखी होकार हाती येईपर्यंत भिंतीला हात लावू नका. तो कागद पट्ट्यासोबतच जपून ठेवा. घर विकाल, त्या दिवशी घेणाऱ्याचा वकील तो मागणारच आहे.